साफसफाईची २०० वॅटची लेझर गन, आठ महिने ॲल्युमिनियमवर चालवून

आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या जॉबपैकी निम्म्याहून जास्त ॲल्युमिनियमचे. पंपाची हाउसिंग, गिअरबॉक्सची कव्हरं, कान तुटलेली ब्रॅकेट, कुणाच्या तरी जुन्या मोटारसायकलचा क्रँककेस. वेल्डिंग मी स्वतः करते, टिगवर, म्हणजे टंगस्टनच्या टोकाशी विजेचा आर्क पेटवून. टिगवर ॲल्युमिनियम जोडणाऱ्या कुणालाही विचारा, आर्क पेटायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं. त्या निम्म्या कामासाठी, म्हणजे धातू साफ करायला, हे मशीन घेतलं: पल्स्ड फायबर लेझर (किरण सलग नाही, बारीक झटक्यांनी सोडणारा), २०० वॅट, हवेवर थंड होणारं, हातात धरायची गन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच जातीची मशीनं वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत मिळतात आणि माझा राग-लोभ जातीवर आहे, डब्यावर नाही. निकाल आधीच सांगून टाकते. मशीन ठेवलंय, विकायचा विचार नाही. पण व्हिडिओत दाखवतात ना, एक हात फिरवला की खाली आरसा, तसं हे काम नाही.

ज्यांनी कधी ॲल्युमिनियम वितळवलं नाही त्यांच्यासाठी थोडं. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, त्याच्या अंगावरचा ऑक्साइड वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. साफ न करता वेल्डिंगचा टॉर्च धरला की आतला धातू पातळ होतो आणि वरचं कातडं तसंच राहतं. पाणी भरलेल्या पिशवीसारखं ते लोंबायला लागतं; फिलर रॉड (जोड भरायची सळई) टेकवला तर थेंब वरच गोळा होऊन बसतो, आत मिसळत नाही. एसी टिगमध्ये विजेच्या सायकलच्या अर्ध्या भागात ऑक्साइड उडवायची सोय असते, पण ती पातळ थरापुरती. ताज्या कापलेल्या ॲल्युमिनियमला हवा लागताच जो थर बसतो तो दोन-चार नॅनोमीटरचा असतो. त्याचा त्रास नाही, उलट धातूला तोच वाचवतो. त्रास देतो तो वर्षानुवर्षं ओल, मीठ आणि मळ खाऊन फुगलेला खडूसारखा पांढरा थर. त्यात पाणी धरून बसलेला हायड्रॉक्साइड असतो. आर्कखाली त्यातून हायड्रोजन सुटतो, वितळलेल्या धातूत शिरतो, आणि धातू थिजताना त्याला आत राहायला जागा उरत नाही. मग पिनहोल, सुईएवढी भोकं. वरून वेल्ड देखणा आणि हाउसिंगमध्ये प्रेशर सोडलं की साबणाच्या पाण्यात बुडबुडे.

आजवर हे सगळं स्टेनलेसच्या वायर ब्रशने, फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरवरची सॅंडपेपरची चकती) आणि कॉस्टिक सोड्याने चालायचं. ब्रश पुसतो कमी आणि चोपडतो जास्त. जोर लावला की पांढरा थर मऊ धातूतच दाबला जातो. फ्लॅप डिस्क जॉबच खाते. कॉस्टिकमध्ये बुडवलं की ॲल्युमिनियम फसफसतं, हायड्रोजन सुटतो, वर स्मट, म्हणजे काळा लेप, राहतो आणि तो काढायला पुन्हा नायट्रिक ॲसिड. हायड्रोफ्लोरिकवाले ब्राइटनर मी कधीच आत येऊ दिले नाहीत, त्या ॲसिडचा एक थेंब हाडापर्यंत त्रास देतो. तेव्हा लेझर मला हवाच होता. प्रश्न होता कुठला.

मी पहिला डेमो पाहिला तो दीड किलोवॅटच्या सलग किरणाच्या मशीनचा. त्याच मशीनने वेल्डिंग, कटिंग, क्लीनिंग तिन्ही होतं म्हणे. मी माझा दोन मिलिमीटरचा पत्रा नेला होता. गंजलेल्या लोखंडावर त्या माणसाने सुंदर करून दाखवलं, मग माझा पत्रा घेतला. पहिल्या फेरीत काहीच झालं नाही, कारण साफ ॲल्युमिनियम या किरणाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतं. त्याने पॉवर वाढवली. दुसऱ्या फेरीत कडेचा भाग चकाकला, आणि तिसरी फेरी संपेपर्यंत पत्रा पापडासारखा वळला होता. तो म्हणाला, ‘मॅडम, हात थोडा जलद फिरवायचा.’ मी पत्रा घेऊन घरी आले.

पल्स्ड मशीनची सरासरी ताकद कमी असूनही ते जास्त का करतं, हे एकदा हिशेब मांडल्यावर डोक्यात बसलं. २०० वॅट सरासरी, सेकंदाला १ लाख पल्स, म्हणजे प्रत्येक पल्समध्ये २ मिलिज्यूल. तेवढी ऊर्जा १०० नॅनोसेकंदांत उतरवली तर त्या क्षणापुरती ताकद २० किलोवॅट होते. आणि इतक्या कमी वेळात उष्णता ॲल्युमिनियममध्ये काही मायक्रॉनच आत जाते, पत्र्याला कळायच्या आत पल्स संपलेला असतो. माझ्याकडे आता दीड मिलिमीटरचा पत्रा साफ केल्यावर हाताला कोमट लागतो, बस.

‘मूळ धातूला धक्काही न लावता’ हे जाहिरातींतलं वाक्य मात्र ॲल्युमिनियमपुरतं मला पटत नाही. १९७२ साली जॉन ॲस्मस हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ व्हेनिसला होलोग्राफीसाठी लेझर घेऊन गेले, आणि दगडी मूर्तींवरचा काळा थर लेझरने उडतो, खालचा पांढरा दगड मात्र तसाच राहतो, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. तिथे गणित सोपं आहे: काळं किरण पितं, पांढरं परत टाकतं, काम आपोआप थांबतं. लोखंडावरच्या गंजाचंही बरंचसं तसंच. ॲल्युमिनियमवर उलटं आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइड या मशीनच्या किरणाला (तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर) जवळजवळ पारदर्शक. किरण थरातून आरपार जातो, खालच्या धातूच्या पृष्ठभागावर शोषला जातो, तिथे केसापेक्षा कितीतरी पातळ वाफ तयार होते आणि ती वरच्या थराला खालून ढकलून उडवते. रंगाचा पोपडा मागून ठोकून पाडावा तसं. म्हणजे प्रत्येक वेळी थोडा धातू जातोच. काही मायक्रॉन जातो, वेल्डिंगच्या तयारीत त्याला कुणी विचारत नाही. पण बेअरिंग बसायच्या भोकात किंवा ओ-रिंगच्या खाचेत मी ही गन घालत नाही.

सेटिंग शिकायला मला तीन आठवडे गेले. मशीनबरोबर आलेल्या तक्त्यात ‘ॲल्युमिनियम’ अशी एकच ओळ होती, जणू जगात एकच ॲल्युमिनियम आहे. ओतीव सिलिकॉनवालं, ६०६१ नंबरचं मिश्रधातू, मॅग्नेशियमवालं ५०८३, सगळी वेगळी वागतात. मी आता प्रत्येक जॉबच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात नखाएवढी जागा आधी करून बघते, ४० टक्के पॉवरपासून सुरुवात, स्कॅनची रुंदी (किरण आडवा फिरतो ती पट्टी) ५० मिलिमीटर, आणि वाढवत नेते. पॉवर वाढवण्याआधी हाताचा वेग कमी करून बघायचा, हे स्वतःच स्वतःला पंधरा वेळा बजावावं लागलं.

कान उपयोगी पडतात. थर निघत असतो तेव्हा तडतड आवाज येतो, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. थर संपला की तो आवाज बसतो, नुसती बारीक सुरसुर उरते. मी आता बघण्याआधी ऐकते, कारण चष्म्यातून रंग धड कळत नाहीत. पहिल्या फेरीनंतर कडेला राखाडी काजळी बसते, उडालेलाच माल परत बसलेला असतो. नवशिक्याला वाटतं जळलं. घाबरून पॉवर वाढवायची नाही. तीच किंवा थोडी कमी पॉवर ठेवून एक हलकी फेरी मारली की निघते. मग पाण्याचे दोन थेंब टाकते. पाणी गोळे होऊन उभं राहिलं तर तेल अजून आहे, पसरून पातळ झालं तर वेल्डिंगला घ्या. त्याच दिवशी घ्या आणि मधे बोटं लावू नका.

या मशीनने मला खरं जिंकलं ते एका जुन्या पंपाच्या हाउसिंगवर. ओतीव काम, पांढऱ्या थराखाली काहीच दिसत नव्हतं, फ्लँजच्या मुळाशी तडा. दोन फेऱ्यांनंतर ओतकामात उठवलेली अक्षरं वर आली: पार्ट नंबर, बाणाची खूण, आणि बाणाशेजारी साचा बनवणाऱ्याच्या पटाशीची एक ओरखड. फ्लॅप डिस्कने हे सगळं दोन मिनिटांत सपाट केलं असतं. तडाही जिथे संपला असं वाटत होतं त्याच्यापुढे बोटभर गेलेला निघाला, केसासारखी काळी रेघ मॅट पांढऱ्यावर स्पष्ट. आमचा हेल्पर म्हणाला, ‘ताई, हा तर एक्स-रेच झाला.’ एक्स-रे नाही, डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) तरीही मारलं, पण कुठे मारायचं ते कळलं. वेल्ड झाल्यावर प्रेशर टेस्टला एकही बुडबुडा नाही. आठ महिन्यांचा माझा अंदाज असा की पिनहोलमुळे परत घासून काढावे लागणारे वेल्ड पूर्वी दर आठवड्याला असायचे, आता आठवून सांगावे लागतात.

आता तक्रारी. पहिली डोळ्यांची.

हे क्लास ४ चं मशीन आहे. अर्धा वॅट ओलांडला की लेझर त्या वर्गात जातो. हे २०० वॅट आहे. किरण दिसत नाही, पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो थेट पडद्यावर एकवटतं. पडद्याला दुखतही नाही. त्यात ॲल्युमिनियम म्हणजे आरसा, साफ होत जाईल तसा आणखी चांगला आरसा. आणि बॉक्समध्ये चष्मा कसला आला? हिरव्या काचेचा, त्यावर ना तरंगलांबी छापलेली, ना ऑप्टिकल डेन्सिटी (ओडी), म्हणजे काच किरण किती अडवते तो आकडा. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, ‘लेझरचाच आहे.’ कुठल्या लेझरचा? कार्बन डायऑक्साइड लेझर १०,६०० नॅनोमीटरवर चालतो, हा १०६४ वर. त्याचा चष्मा याला बिनकामाचा ठरू शकतो. तो चष्मा मी कापून टाकला, कुणी चुकून घालू नये म्हणून, आणि १०६४ ला ओडी ७ असं काचेवरच छापलेले तीन आणले. वेल्डिंगचा हेल्मेट चालत नाही, अंधार दिसतो म्हणजे संरक्षण आहे असं नाही. ‘मी लांब उभा आहे’ हेही चालत नाही. आम्ही एका कोपऱ्यात पत्र्याची बंदिस्त खोली केली, आतून मॅट काळी, दाराला इंटरलॉक: दार उघडलं की किरण बंद. अंगठी, घड्याळ बाहेर काढून ठेवायचं. मशीनला इंटरलॉकची जागा मागे दिलेली होती, पण फॅक्टरीतूनच तारेच्या तुकड्याने शॉर्ट करून पाठवली होती! मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेख एका ओळीत, तोही वायरिंगच्या पानावर.

दुसरी तक्रार धुराची, आणि हिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ‘केमिकल नाही, कचरा नाही’ असं लिहितात. तो थर जातो कुठे मग? हवेत जातो, नाकात जाईल इतका बारीक होऊन. बहुतेक ऑक्साइड असतो, पण सोबत ॲल्युमिनियमचा धातूही थोडा असतो, आणि बारीक ॲल्युमिनियमची धूळ पेट घेते. गनच्या तोंडापासून वीतभर अंतरावर एक्स्ट्रॅक्टरचा पाइप, अतिबारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर, तोंडावर तशाच धुळीचा पी-१०० मास्क, हे मशीनचा भाग समजूनच खर्च धरा. बॉक्समध्ये यातलं काहीही येत नाही. शेजारी डी वर्गाचं (धातूच्या आगीसाठीचं) अग्निशामक आणि कोरड्या वाळूची बादली. पेटलेल्या ॲल्युमिनियमवर पाणी टाकलं की हायड्रोजन तयार होतो.

एका सकाळी हेल्परने लोखंडी शाफ्टचा गंज काढला, मी आतमध्ये ॲल्युमिनियमचं कव्हर लावलं आणि सवयीने आधी एक्स्ट्रॅक्टरचा डबा उघडून पाहिला. तळाशी कालच्या कामाची राखाडी भुकटी, तिच्यावर विटकरी रंगाचा ताजा थर. दोन मिनिटं मी नुसती बघत बसले. लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी: पेटल्यावर लोखंड वितळवणारी, रेल्वेचे रूळ जोडायला वापरतात ती थर्माइट हीच. माझ्या फिल्टरमध्ये, आणि त्याच पाइपातून ठिणग्या येणार. काही झालं नाही. त्या दिवसापासून दोन एक्स्ट्रॅक्टर आहेत, एकावर मोठ्या अक्षरात ‘लोखंड’, दुसऱ्यावर ‘ॲल्युमिनियम’, आणि पाइपही वेगळे. विक्रेत्याच्या ट्रेनिंगमध्ये हा शब्द आलाच नव्हता.

रंग असलेला जॉब आला तर आणखी सावध. जुन्या ॲल्युमिनियमवर रंगाखाली पिवळसर-हिरवट प्रायमर दिसला तर तो क्रोमेटचा असू शकतो, आणि त्याच्या धुरात सहा संयुजेचं क्रोमियम, कॅन्सर करणारं. असे जॉब मी सरळ परत पाठवते.

काय जमत नाही तेही लिहिते. ॲनोडाइज केलेल्या (विजेने जाड ऑक्साइड चढवून रंगवलेल्या) वस्तूचा रंग फिका पडलाय म्हणून ‘चमकवून’ मागतात. लेझर ॲनोडाइजिंगच उडवतो, तेही ठिपक्याठिपक्यांनी. एका गिऱ्हाइकाचं हँडल मी तसं बिघडवलं, पुन्हा ॲनोडाइज करून देण्याचा भुर्दंड माझा. खोल खड्डे पडले असतील तर किरण तळापर्यंत सरळ पोचतो तेवढंच साफ होतं. आतल्या बाजूला मिठातलं क्लोराइड राहिलं की काही आठवड्यांत पांढरं फूल पुन्हा फुटतं. तेल प्यायलेल्या कास्टिंगमधून उष्णतेने तेल वर येतं आणि काजळी होते; ते आधी डिग्रीझ करून, भाजून, पूर्ण सुकवूनच घ्यावं लागतं. सुकवून म्हणजे खरंच सुकवून, सॉल्व्हंट ओला असताना ट्रिगर दाबायचा नाही. आणि क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या जॉबजवळ आणूच नका, आर्कखाली त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. मोठे पत्रे? दाराएवढा पत्रा करायला मला तासाहून जास्त लागला आणि शेवटी मनगट गेलं. तिथे केमिकलची टाकीच बरी. चकाकी हवी असेल तर बफिंग करा, इथून मॅटच मिळतं.

मशीन म्हणून बोलायचं तर गन दीड किलोच्या आसपास, पहिले दहा मिनिटं हलकी वाटते. फायबरची केबल पाच मीटर, तिला तंग वळण दिलं तर आतली काच जाते, म्हणून भिंतीवर मोठा अर्धगोल हूक लावला. फोकसचं अंतर चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झालं की परिणाम अर्धा, तेव्हा गनच्या तोंडाला टेकण म्हणून मी स्वतः एक पितळी दांडी बसवली. कंपनीने दिलेलं चाक जॉबवर रेघ ओढायचं. पुढची संरक्षक काच ही खपाची वस्तू आहे हे कुणी नीट सांगत नाही. तिच्यावर धुळीचा एक कण बसला की तो तिथेच भाजतो, काचेवर काळा ठिपका येतो, ठिपका आणखी तापतो आणि काच तडकते. पहिल्या दोन महिन्यांत तीन गेल्या. आता कॉम्प्रेसरच्या लाइनवर पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर लावलाय, रोज सकाळी काच टॉर्चखाली बघते, तेव्हापासून एक गेली. सर्व्हिसचा माणूस एकदा आला, छान बोलला, पल्सची रुंदी बदलण्याचा मेनू पासवर्डमागे लपवलेला होता तो उघडून दिला. तो पासवर्ड विकतानाच द्यायला हवा होता. ॲल्युमिनियमवर पॉवरच्या खालोखाल मी तोच आकडा हलवते.

घ्यायचं असेल तर डेमोला स्वतःचा सगळ्यात वाईट जॉब आणि एक पातळ पत्रा न्या, त्यांचा गंजलेला लोखंडी तुकडा बघू नका. पल्सची रुंदी आणि फ्रीक्वेन्सी तुमच्यासमोर बदलायला लावा. इंटरलॉक कुठे आहे ते मागून दाखवायला सांगा, तार लावलेली आहे का बघा. आणि डेमो देणाऱ्याने खोलीतल्या प्रत्येकाला १०६४ छापलेला चष्मा दिला नाही, तर त्याने चावी फिरवायच्या आत बाहेर या.